काशीच्या गालावरची तीट

या पानावरचे अनुभव माझी सून मोठ्याने वाचते आणि मी हसते. पांढऱ्या साडीतली बाई, मागून आलेली हाक, उलटे पाय... आमच्या घरात असलं काही चालतच नव्हतं. छप्पन्न साली वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरातले देव, ताईत, गंडेदोरे सगळं टोपलीत भरून बाहेर काढलं. माझ्या धाकट्या भावाला कधी तीट लागली नाही, कधी कुणी त्याची दृष्ट काढली नाही. आजारी पडला की डॉक्टर, बस्स. मी अजूनही तशीच आहे. तरी हे लिहितेय, कारण परवा सून म्हणाली, "आई, दुसऱ्यांना हसता, मग काशीचं काय?"

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहायचो, वडील गिरणीत होते. मी बी. ए. होऊन घरी बसले होते. इंग्रजी बरं होतं म्हणून होटगी रोडच्या बाजूला एका मिशनच्या अनाथालयात नोकरी लागली. लहान मुलींना शिकवायचं आणि परदेशातून सेवेला मंडळी आली की दुभाष्याचं काम करायचं. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथे पोरांच्या पोटाला मिळत होतं हेही खरं, आणि त्या वर्षी तेवढंही कुठे मिळत होतं?

अनाथालय आपलं म्हणायचं. कित्येक मुलींना आई होती, बाप होता. विहिरी आटल्या, जनावरं गेली, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली आणि पोरी आमच्या दारात ठेवून गेली. काशी त्यातलीच. चारेक वर्षांची, गोल तोंडाची, हट्टी. तिची आई शेवंता, अक्कलकोटच्या पलीकडची, नवरा वारलेला. ती काशीला सोडायला आली तेव्हा फाटकात मीच होते. "पाऊस पडला की न्यायला येते बाई. ध्येनात ठिवा," असं ती जाईपर्यंत घोकत होती. अनाथालय चालवणाऱ्या गोऱ्या बाईंना आम्ही मोठ्या मॅडम म्हणायचो. त्यांना मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

पुढे उन्हाळ्यात अमेरिकेहून त्यांच्या चर्चची मंडळी आली. सोलापूरचं ऊन — बिचाऱ्यांची तोंडं टोमॅटोसारखी झाली. भिंती रंगवायचे, गाणी शिकवायचे, मुलींना मांडीवर घेऊन फोटो काढायचे. वाईट माणसं होती असं मी म्हणणार नाही. डोळ्यांत खरंखुरं पाणी यायचं त्यांच्या. पण एवढ्या लांबून दया करायला आल्यावर समोरचं मूल अनाथ असावं लागतं... आई खडी फोडायला गेलीय, हे ऐकायला कुणी तयार नव्हतं.

त्यांच्यात जोआन नावाची एक तरुण बाई होती. मूलबाळ नव्हतं. तिला काशीचा लळा लागला आणि पाहता पाहता काशीची रूथ झाली. रूथ, इकडे ये. रूथ, हे खा. काशी ढुंकून बघायची नाही, पण खाऊन मात्र टाकायची.

एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी काशीच्या डाव्या गालावर काजळाची तीट दिसली. जोआनने रुमालाने पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. तिसऱ्या दिवशीही. जोआनने मला विचारलं, हे काय आहे? म्हटलं, लेकराला कुणाची नजर लागू नये म्हणून आई लावते. "पण इथे कोण लावतं?" ती म्हणाली. म्हणून मी काशीलाच विचारलं.

"अव्वानं लावली," काशी म्हणाली. त्यांच्याकडे आईला कानडीतच अव्वा म्हणतात.

"अव्वा कुठंय तुझी?"

"कामाला गेलीया की." आणि ती पुन्हा पेज ओरपायला लागली.

मला वाटलं एखाद्या आयाचं काम असणार. पण सगळ्या आया येशूची शपथ घेऊन नाही म्हणाल्या. काजळाची डबी तर मॅडमच्या हुकमाने आत आणायचीच नव्हती. मग संशय आला माझ्यावर. तिथली एकटी बिगर-ख्रिस्ती मीच ना! ज्या घरातून हे सगळं टोपलीत भरून गेलं, त्या घरची मी. आधी मला हसूच आलं.

मग जोआनने काशीला आपल्या खोलीत झोपायला नेलं. सकाळी स्वतः आंघोळ घातली. मला मुद्दाम बोलावून दाराशी उभं केलं — मी नजरेसमोर असावी म्हणून. खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. साबणाने तोंड धुतलं, टॉवेलने खसाखसा पुसलं. गाल कोरा. मी पाहिला, तिनेही पाहिला. स्टुलावर बसवून वेणी घातली आणि टेबलावरची रिबन घ्यायला ती वळली. माझी नजर काशीवरच होती. काशीने मान थोडी वर केली, डोळे मिटले आणि गाल पुढे केला. कुणीतरी समोर बसलंय आणि तिला सवय आहे, असं. जोआन रिबन घेऊन वळली तेव्हा गालावर तीट होती. ओली, चकचकीत. एरंडेलाच्या दिव्याचा वास येत होता तिला.

लावणारं बोट मला दिसलं नाही. तीट उमटताना दिसली का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. नव्हती, आणि मग होती. याहून जास्त मला सांगता येत नाही.

जोआन किंचाळली. मोठ्या मॅडम धावत आल्या आणि आधी काय म्हणाल्या असतील? "हात दाखव." मला! मी दोन्ही हात पुढे केले, उलटेसुलटे केले. स्वच्छ होते. म्हटलं, "मॅडम, कोण लावतंय मला माहीत नाही. पण हिला आई आहे. पाऊस पडला की येणार आहे. तेवढं तरी थांबा."

त्या म्हणाल्या, तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीने असं बोलावं?

त्यानंतर काशीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाल्या. सैतानाला जायला सांगितलं. तीट येतच राहिली. मग घाई सुरू झाली. कोर्टात आईचा ठावठिकाणा नाही असं सांगितलं गेलं. ठावठिकाणा शोधायला कुणी गेलंच नव्हतं. कागद झाले, काशी जोआनची झाली.

स्टेशनवर मला नेलं, कारण काशीशी बोलणार कोण? गाडीच्या खिडकीतून तिने मला विचारलं, "अव्वाकडं जायाचं?" जोआन म्हणाली, काय विचारतेय? मी सांगितलं. जोआन म्हणाली, "हो म्हणून सांग तिला."

मी ते भाषांतर केलं नाही. बाकी माझ्या हातात काय होतं? काशीच्या गालावर त्याही दिवशी तीट होती. जोआन रुमाल ओला करून घासत होती. गाल लाल झाला, काशी रडायला लागली, पण तीट निघेना. गाडी हलली तेव्हाही ती घासतच होती.

श्रावणात शेवंता आली. अंगात नुसती हाडं राहिलेली. कामावर खायला मिळालेली सुकडी पोरीसाठी पदरात बांधून आणली होती. "काशे!" म्हणून तिने फाटकातूनच हाक मारली.

मोठ्या मॅडमनी तिला ऑफिसात बसवलं. मुलगी फार सुखात आहे, शिकेल, मोठी होईल, देवाचे आभार मान — हे सगळं मी मराठीत सांगितलं. शेवंता रडली नाही. तिला कसला तरी धीर मिळावा म्हणून मी माझ्या मनाने तिला तिटेचं सांगितलं. म्हटलं, "काशी म्हणायची अव्वाच लावते."

"मी न्हाई बाई," ती म्हणाली. "मी तिकडं दगड फोडीत हुते. दिव्याला त्याल न्हवतं, काजळ कुटलं?" मग मॅडमकडे बोट करून म्हणाली, "ह्यास्नी इचारा. रोज दिसत हुती न्हवं तुमाला तीट? मग पोरीला आई हाय, एवढं बी कळंना व्हय?"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, तिला चहा द्या. शेवंता चहाला थांबली नाही. नंतर ती मला कधी भेटली नाही. काशीचंही पुढे काही कळलं नाही.

तीट कोण लावत होतं, मला आजही सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. फक्त त्या मुलीचं नशीब उघडलं, असं कुणी लिहू नका. ते मला तेव्हाच खूप जणांनी सांगून झालंय.