नीलकंठ कोसळताना

घशाचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला. राळेगावच्या आमच्या भजनी मंडळात वीस वर्षं पहिली ओळ मीच उचलायची. नसा शाबूत आहेत, आवाज येईल, असं डॉक्टर म्हणत. पण चार महिने झाले तरी तोंडातून नुसती हवा. सांजेला दिवा लावायची, पण खरं सांगते, हात जोडायला मन होत नव्हतं. देवाला द्यायला माझ्याजवळ तेवढंच होतं, तेही त्यानं काढून घेतलं, असं वाटायचं.

चैत्रात धाकट्या जावेनं, शोभानं, मला बळंच महादेवाच्या डोंगरावर नेलं. अर्ध्या चढावर मी खालीच बसले आणि तिला हातानं खुणावलं, तू जा. ती नाइलाजानं एकटी वर गेली.

जवळच एक म्हातारी कोलाम आदिवासी बाई मोहफुलं वेचत होती. माझे भरलेले डोळे तिनं पाहिले असावेत. टोपली घेऊन ती शेजारी येऊन टेकली.

"रडतं काहून माय? वर पाह्य, नवरदेव आला."

एक नीलकंठ पक्षी सरळ आभाळात चढत होता. उंच गेला आणि एकदम कोसळला. या कुशीवरून त्या कुशीवर लोळत, कर्कश ओरडत, निळ्या पंखांचा नुसता लखलखाट करत! जमिनीजवळ सावरला आणि पुन्हा चढला. मादी सागाच्या उघड्या शेंड्यावर बसली होती, त्याच्याकडे पाठ करून.

"थे तं पाह्यतबी नाई, तरी हा वरून पडून राह्यला!" म्हातारी म्हणाली.

त्याला भीती नाही वाटत? मी खुणेनंच विचारलं.

"कायची भीती? आंग सोडून देते थो. वारा झेलते त्याले."

शेवटी तो मादीशेजारी उतरला आणि ऐटीत मान लववू लागला. तेवढ्यात त्याच्या पायाखालची वाळकी काडी कटकन मोडली, अन् नवरदेव फडफडत खाली! म्हातारी खदखदून हसली. आणखी कुणीतरी हसत होतं. घोगरं, फाटकं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघायला लागली, तेव्हा कळलं की ती मीच. वर पाहिलं, तर दोघंही पक्षी जोडीनं उडत दरीपलीकडे चालले होते.

शोभा वरून उतरताना दिसली, तशी मी तिला हाक मारली. ती धावतच खाली आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. म्हातारीच्या पाया पडायला वळले, तर ती म्हणाली, "म्या काय केलं वं? जा, देव वर हाय."

गाभाऱ्यात गेले, पण काय मागायचं होतं ते आठवेचना. नुसती उभी राहिले, बराच वेळ.

आवाज पहिल्यासारखा झाला नाही. मंडळात आता पहिली ओळ शोभा उचलते, मी मागून धरते. वीस वर्षं पुढे गाताना मला बाकीच्यांचे सूर कधी ऐकूच आले नव्हते. आता ते येतात, चहूकडून, आणि त्यात माझा कुठला हे शोधावंसं वाटत नाही.