पांडुरंग साळोख्यांनी दिलेला होकार

ख्राइस्टचर्चच्या मैदानांवर पांडुरंग साळोख्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. पण ‘इराचे आजोबा’ म्हटलं की रेफरीसुद्धा हसून हात करायचा. शनिवारी सकाळी दक्षिणेकडून हाडं गोठवणारा वारा सुटायचा. बाकीचे आईबाप गाडीत हीटर लावून काचेतून मॅच बघायचे, आणि हा सत्तरीचा माणूस कानटोपी, मफलर आणि त्यावर मुलाचं जुनं जाकीट अशा अवतारात रेषेला चिकटून उभा असायचा.

“कंबर बघ, इरा! पायाकडं नको, कंबर बघ तिची!”

मैदानात मराठी कळणारी एकच पोरगी होती आणि तिला ते पुरेसं होतं.

पांडुरंग मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत मोल्डर म्हणून हयात घालवलेली, आणि ऐन उमेदीत पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीममध्ये डावी बाजू राखलेली. कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्याला गल्लीत जो मान मिळतो तो त्यांना मिळाला होता. त्याहून जास्त काही मिळालं नाही, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. दोन हजार बाराच्या दिवाळीत त्यांची बायको शकु गेली. एकुलता एक मुलगा चारुदत्त तेव्हा नुकताच पुण्याची नोकरी सोडून ख्राइस्टचर्चला गेला होता. भूकंपानं मोडलेलं शहर पुन्हा उभं राहत होतं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरांना तिकडं मागणी होती. बाप एकटा पडला म्हणून त्यानं व्हिसा काढून त्यांना बोलावून घेतलं.

आले खरे, पण करायचं काय? चारुदत्त साइटवर, सून मृणालिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नात शाळेत. रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. दिवसभर घर खायला उठायचं. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत जायचं, दुकानदाराला तिथल्या रीतीनं नमस्काराचं “कियोरा” म्हणायचं, दुधाची बाटली घ्यायची आणि परत यायचं. एवढंच त्यांचं जग. मग एके दिवशी चौदा वर्षांची इरा म्हणाली, “आजोबा, माझी प्रॅक्टिस आहे. यू वॉन्ट टु कम?”

ते गेले, आणि तिथून पुढं एकही शनिवार चुकला नाही. व्हिसा संपला की कोल्हापूरला जायचं, मुदत भरली की पुन्हा यायचं. प्रत्येक खेपेला इरा उंच झालेली असायची, मराठी आणखी पातळ झालेली असायची आणि खेळ आणखी दाट. बॅकयार्डात त्यांनी तिला शिकवलं ते एवढंच, की समोरची पोरगी पायानं फसवते, कंबर फसवत नाही. बाकीचं तिच्या अंगातच होतं.

दोन हजार सतराच्या ऑगस्टमध्ये इरा युनिव्हर्सिटीत सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्याच फुटबॉल टीममध्ये बचावाला, बॅक म्हणून, खेळत होती. ऑकलंडच्या एका स्पर्धेत मेलबर्नच्या व्यावसायिक क्लबच्या माणसानं तिला पाहिलं. आठवड्याभरात फोन आला. एका सीझनचा करार. पण सप्टेंबरात रुजू व्हायचं. म्हणजे वर्षाच्या परीक्षेवर पाणी आणि डिग्रीचं पुढचं पुढं.

घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी चारुदत्तनं सगळ्यांना टेबलाशी बसवलं.

“कोच हेलनचं काय म्हणणं आहे?” त्यानं विचारलं.

“ती म्हणते, थांब. अजून एक-दोन सीझन इथं खेळ, शरीर तयार होऊ दे, डिग्री घे, मग जा.” इरा खाली बघत म्हणाली. “पण बाबा, दोन वर्षांनी मला कोण विचारणार? त्यांना बॅक आत्ता पाहिजे.”

“तुझी कोच सांगते, मी सांगतो. दोघंही मूर्ख आहोत का?”

“मी तसं नाही म्हटलं.”

मृणालिनी मध्ये पडली. “पडलीस-झडलीस तर कोण आहे गं तिथं तुझं? एकोणीस वर्षांची आहेस.”

इरानं मान वर केली. ती आजोबांकडं बघत होती. मग चारुदत्तनंही बघितलं.

पांडुरंगना काय काय आठवलं असेल! तालमीतली किती पोरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पंचविशीपर्यंत खांद्यावर घेऊन नाचवलेली, आणि तिशीत गुडघा धरून पानटपरीशी बसलेली. ना शिक्षण, ना नोकरी. हेलन बरोबर बोलत होती. चारूही बरोबर बोलत होता. ते सगळं त्यांना कळत होतं. पण टेबलाच्या कडेला पोरीनं बोटं इतकी घट्ट रुतवली होती की नखं पांढरी पडली होती, आणि त्यांच्या तोंडून गेलं, “जाऊ दे की तिला.”

चारुदत्त खुर्ची मागं सारून उठला आणि बाहेर गेला.

दोन दिवसांनी तो बापाला रक्तदाब तपासायला दवाखान्यात घेऊन निघाला होता. रस्त्यात ट्रक खोळंबले होते. स्टीअरिंगवर हात ठेवून, समोर बघत तो म्हणाला, “आबा, मी बारावीत होतो तेव्हा राज्याच्या ज्युनिअर कॅम्पला माझी निवड झाली होती. आठवतंय?”

“आठवतंय की.”

“तुम्ही म्हणालात, कॅम्पला गेलास तर या घरात पाऊल ठेवायचं नाही.”

“परीक्षा होती तुझी.”

“तिचीही आहे.”

पुढचा ट्रक थोडा हलला आणि पुन्हा थांबला. “तवा फाउंड्रीला कुलूप लागलं व्हतं, चारू. तू शिकला नसतास तर आपण तिघं कुठं गेलो असतो? आता तसं न्हाई. त्यासाठीच केलंस की रं एवढं सगळं.”

“म्हणजे मी केलं म्हणून तिनं खेळायचं.”

“व्हय.”

चारुदत्त हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. मग त्यानं विचारलं, “मी चांगला खेळायचो का हो, आबा?”

तीस वर्षांत पोरानं हे कधी विचारलं नव्हतं आणि बापानं कधी सांगितलं नव्हतं. पांडुरंगनी काचेबाहेर तोंड फिरवलं. “लई चांगला,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा लई.”

त्या संध्याकाळी चारुदत्तनं इराला सांगितलं, “जा. युनिव्हर्सिटीतलं नाव काढून घेऊ नकोस, रजा टाक.” इरा त्याच्या गळ्यात पडली आणि मग आजोबांच्या. एअरपोर्टवर पांडुरंगनी तिला एकच गोष्ट विचारली, “जाताना भीती वाटतीय का?” ती म्हणाली, “हीप्स.” मग त्यांना कळावं म्हणून म्हणाली, “लई.”

मेलबर्नहून फोन यायचे ते दुपारी, घरात आजोबा एकटे असताना. तिथल्या मुली केवढ्या दांडग्या आहेत, सकाळी बर्फाच्या टबात कसं बसवतात, एका घरात चौघी राहतात आणि स्वयंपाक कुणालाच येत नाही, असलं सगळं ती सांगायची. पांडुरंग तिला फोनवर पिठलं शिकवायचे. पहिले तीन सामने ती बाकावरच होती. चौथ्यात शेवटची वीस मिनिटं उतरली. चारुदत्तनं लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. ती मैदानात आली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि मॅच संपेपर्यंत उभाच होता. रात्री जेवताना त्यानं बापाच्या ताटात स्वतः भाकरी वाढली. पांडुरंगना तेवढं महिनाभर पुरलं असतं.

महिना मिळाला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला, मंगळवारी दुपारी फोन वाजला.

“आजोबा.” तिचा आवाज अगदी शांत होता. “प्रॅक्टिसमध्ये वळले, आणि टक् असा आवाज आला. गुडघ्यातून.”

पांडुरंग सोफ्याचा हात धरून खाली बसले. तो आवाज त्यांना ठाऊक होता. कोल्हापूरच्या मैदानात, हजार माणसांच्या ओरड्यातसुद्धा, त्यांनी तो ऐकला होता.

“कुणी टक्कर दिली?”

“नाही. कुणीच नव्हतं जवळ. मी एकटीच वळले.” मग ती रडायला लागली. “बाबांना तुम्ही सांगा. प्लीज. मला नाही सांगता येणार.”

चारुदत्त साइटवरून येईपर्यंत ते दारात उभे होते. बूट काढायच्या आत त्यांनी सांगून टाकलं. पोरगा ओरडेल, चार शब्द सुनावेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. पण त्यानं बूट सरळ लावून ठेवले, आत जाऊन विमानाचं तिकीट काढलं आणि सकाळी निघून गेला. त्याऐवजी त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पांडुरंगना वाटलं.

लिगामेंट तुटली होती आणि गुडघ्यातली गादीही फाटली होती. ऑपरेशन तिकडंच झालं. सीझन संपला, करार संपला. पुढचा करार आला नाही. कुबड्या घेतलेल्या इराला बाप घरी घेऊन आला तेव्हा पांडुरंगच्या व्हिसाचे शेवटचे दिवस उरले होते.

त्या दिवसांत ती खोलीत पडून असायची. पांडुरंग चहा घेऊन जायचे, खुर्चीत बसायचे. एकदा त्यांनी धीर केला.

“माझ्या नादानं गेलीस तू.”

“आजोबा, डोंट.” तिनं भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं, पाठमोरीच म्हणाली, “मी गेलेच असते. तुम्ही नाही म्हणाला असता तरी गेले असते.”

हे खरं होतं की त्यांच्यासाठी बोललेलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

एअरपोर्टवर सोडायला चारुदत्त आला. बॅग काट्यावर ठेवली, पाया पडला. “पोचल्यावर फोन करा.” पांडुरंग थांबले. त्यांना वाटलं, आता काहीतरी म्हणेल. चारुदत्त नजर उचलून बोर्डावरच्या वेळा वाचत होता.

पुढच्या वर्षी इरा पुन्हा युनिव्हर्सिटीत गेली. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि सर्जननं सांगितलं की चालणं, पोहणं, सगळं होईल. खेळायचं मात्र विसरायचं. तिनं मान हलवली. शनिवारी ती लायब्ररीत जायला लागली. चारुदत्त दर रविवारी कोल्हापूरला फोन करायचा. औषधं, जेवण, हवा. “व्हिसा करायला घेऊ का?” तो विचारायचा. पांडुरंग म्हणायचे, “पुढल्या वर्षी बघू. आता थंडी सोसत न्हाई.” थंडी त्यांना कधीच बाधली नव्हती, ते दोघांनाही माहीत होतं. चारुदत्त आग्रह करायचा नाही. आले की समोरासमोर बोलू, तुमची काही चूक नव्हती म्हणून सांगू, असं त्याच्या मनात होतं. फोनवर ते जमत नव्हतं. आज नाही तर पुढच्या रविवारी, असं करता करता वर्ष गेलं.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत दुपारी जेवून पडले ते पांडुरंग उठले नाहीत. शेजारच्या दमयंतीकाकूंनी फोन केला. चारुदत्त आणि इरा पोचेपर्यंत दुसरा दिवस मावळायला आला होता. तालमीच्या पोरांनी सगळी तयारी करून ठेवली होती. खांदाही त्यांनीच दिला.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन उरकून मंडळी दारात बसली होती. इरा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंबरा ओलांडताना तिचा उजवा पाय किंचित अडखळायचा, नवख्याला कळू नये इतकाच. तालमीचा सेक्रेटरी, पन्नाशीचा जाडजूड माणूस, तिला बघून आदरानं उठून उभा राहिला.

“हीच का हो आपली ऑस्ट्रेलियात खेळणारी?” त्यानं चारुदत्तला विचारलं. “पांडुतात्या दर सोमवारी कट्ट्यावर येऊन सांगायचे. काल पुरी मॅच खेळली, परवा एक गोल वाचवला. गेल्या आठवड्यात म्हणाले, आता कॅप्टन करणार आहेत तिला. यंदा हंगाम चालू झाल्यावर ग्राउंडवर एकदाही आले नाहीत बघा, पण हिच्या बातम्या मात्र सोमवारच्या सोमवारी.”

बाकीच्या पोरांनीही माना वर केल्या. इरा तांब्या धरून तशीच उभी राहिली आणि तिनं बापाकडं बघितलं. चारुदत्तनं आयुष्यात खोटं बोलायचं टाळलं होतं. बोलावं लागलंच तर त्याचे कान लाल व्हायचे.

“हो, हीच,” तो म्हणाला.

“आता पुढली मॅच कधी?”

“आत्ता रजा घेतलीय तिनं,” चारुदत्त म्हणाला, “आबांसाठी.”

“बरोबर आहे,” सेक्रेटरी म्हणाला. “तात्यांचा जीव होता हिच्यावर.” त्यानं इराच्या हातून पाणी घेतलं.

इरा आत गेली. चारुदत्त पाठोपाठ गेला. स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून, तोंडावर ओढणी दाबून उभी होती. तो तिच्या शेजारी उभा राहिला. बाहेर तालमीची पोरं हळू आवाजात येत्या रविवारच्या सामन्याचं बोलत होती.