बॅटरी शेवगावला होती

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी चवीने वाचते, पण खरं सांगू? त्यातले निम्मे मला थापा वाटतात. मी श्रीरामपूरची, ख्रिस्ती घरातली, पेशाने नर्स. भूतबित म्हटलं की आमची आई चप्पल शोधायची! तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं डोकं खाजवूनही मला उत्तर सापडलेलं नाही...

बहात्तर सालच्या आसपासची गोष्ट. शेवगाव तालुक्यातल्या एका गावी माझी पहिली नेमणूक. गावात वीज नव्हती. यात्रेला सोपानराव माईकवाला यायचा — बॅटरीवरचा अँप्लिफायर, लिंबाला बांधलेले दोन कर्णे, आणि माईक देवळामागच्या कनातीआड. पुकारायची पद्धत मात्र कडक. कुणी साधा नारळ दिला तरी आधी त्याचं नाव, मग नारळ.

पण चेष्टेला नाव लागत नव्हतं. कनातीआड कुणीही शिरायचं आणि आवाज बदलून बोलायचं. त्या वर्षी यात्रेच्या पहिल्या दिवशी, "नर्सबाई, काळजात कळ मारती, सुई घिऊन या!" मीही हसले. दुसऱ्या दिवशी, "नर्सबाईची सुई घेतली की बाई वांझ हुती." गाव खदाखदा हसलं. समोर भेटल्यावर मान खाली घालून "ताई, बरं हाय ना?" विचारणारी हीच माणसं! तोंड दिसत नाही म्हटल्यावर कुणाच्या जिभेला हाड राहिलं नाही.

पण या चेष्टेचं भोगणार होती सखू. लांबच्या मळ्यातल्या वस्तीवरची पहिलटकरीण, नववा महिना, पाय सुजलेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला तपासायला गेले, तर सासू ठकूबाईनं दारातूनच परतवलं.

"नगं बाई तुजी सुई. समद्या गावानं ऐकलंय कर्न्यावर."

सखू आतून माझ्याकडे बघत होती. घाबरली होती बिचारी. असला संताप आला म्हणून सांगू!

दुपारी तडक कनातीआड शिरले. आत कुणी नव्हतं. माईक उचलला आणि म्हटलं, "मी नर्सबाई बोलतेय. नारळाला नाव सांगता ना? मग या बोलण्यालाही सांगा. सुईचं जो बोलला, त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं."

कर्ण्यातून आवाज घुमला. बाहेर आले तर पारावरचा पत्त्यांचा डाव थांबलेला, सगळ्यांच्या माना खाली. एक माईचा लाल उठला नाही.

तेवढ्यात सोपानराव एसटीतून उतरला... खांद्यावर बॅटरी! चार्जिंगला म्हणून सकाळीच शेवगावला नेली होती.

"बाई, बॅटरी तर माज्यापाशी हाय. तुमी बोलल्या कशावर?"

मी हात धरून त्याला कनातीत नेलं. अँप्लिफायरच्या तारा मोकळ्या लोंबत होत्या. त्यानं त्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. मनाशी म्हटलं, कर्ण्याचा भास झाला असेल, मी रागात ओरडले असेन, म्हणून पारावर ऐकू गेलं असेल. दुसरं काय?

पण संध्याकाळी वस्तीवरनं बैलगाडी आली. सखूला कळा सुरू झाल्या होत्या, आणि मला बोलवायला खुद्द ठकूबाईनं पाठवलं होतं. बाळंतपण अवघड गेलं, पण मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग चहा देताना ठकूबाई म्हणाली, "दुपारी समदं ऐकू आलं बग हितं. ते नाव सांगायचं, आन् शेवटचं बी."

"शेवटचं कुठलं?"

"आसं काय करती? 'काय बी झालं तरी मी हितनं हालायची न्हाई,' म्हनलीस की! म्हनलं, बाई खरी हाय."

मी कप खाली ठेवला. कारण ते मी बोललेच नव्हते. माईक खाली ठेवताना मनात म्हटलं होतं, फक्त मनात.

कसं ऐकू गेलं, ते आजही माहीत नाही. पण गावानं ऐकलं होतं ना... मग रिटायर होईपर्यंत मी तिथून हलले नाही.