बंडी काढली म्हणजे

पाचवीत असताना मी जिल्ह्याच्या सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा दिली. निवड झाली की बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. आमचं गाव अहेरीपासून बरंच आत, जंगलाला लागून. घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. ती जागा मिळणं म्हणजे काय, हे बाबांना माझ्याहून जास्त कळत होतं.

भाषेच्या पेपरात उतारा होता: ‘आजोबा घरी आले. त्यांनी बंडी काढली.’ यावरून काय समजते? मी क्षणभरही थांबले नाही. आमच्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी. बंडी काढली म्हणजे आजोबा पुन्हा निघाले. ‘त्यांना गावाला जायचे होते’ यावर मी खूण केली.

बाहेर आल्यावर केंद्रावरच्या एका सरांना विचारलं. ते तालुक्याला या परीक्षेची शिकवणी घ्यायचे. त्यांचे विद्यार्थी भोवती उभे होते.

“अवं पोरी, बंडी म्हणजे अंगातलं जाकीट! उकडून राह्यलं म्हून काढली बुढ्यानं.”

“पण सर, आमच्या इथी तर...”

“माह्या घरीबी बंडी म्हणजे गाडीच. पण पेपर काय तुह्या बापाच्या बांधीत निघते?”

पोरं खिदळली. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा. बाबा मागेच उभे होते, माझा डबा हातात धरून. सर हसले म्हणून तेही हसले. ते हसणं मी सरांना कधीच माफ केलं नाही.

एका गुणाने माझी जागा गेली.

पुढे शिकले ती गावच्या शाळेतल्या बाईंमुळे. त्यांनी वसतिगृहात जागा मिळवून दिली, पदवीपर्यंत विचारपूस केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्या उपकारांनी माझा राग धुतला गेला नाही, आणि मी तो धुवायलाही बसले नाही.

आता मी शिक्षिका आहे. गेल्या वर्षी याच परीक्षेसाठी तालुक्यात मोफत शिबिर ठरलं आणि त्यासाठी मुलं निवडायची चाचणी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: ‘रात्रभर पाऊस झाला. सकाळी बोडी फुटली. आजोबा धावत निघाले.’ कुठे? दवाखान्यात, बांधीकडे, बाजारात की शाळेत? बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. असे आणखीही प्रश्न घातले, मुद्दाम.

खेड्यातल्या पोरांनी बरोबर ओळखलं. त्या सरांची शिकवणी तालुक्याला अजून चालू होती; तिथल्या शहरी मुलांना बोडी म्हणजे डोकं वाटलं. त्यांनी आजोबांना दवाखान्यात पाठवलं. शिबिरात त्यांच्यातलं एकही मूल आलं नाही.

सर तक्रार घेऊन आले. केस पिकले होते. मला त्यांनी ओळखलं नाही.

“मॅडम, हे बरोबर नाई. लेकरं हुशार हायेत. त्यायले शब्दच मालूम नाई, तं त्यायचा काय दोष?”

खोलीत बाकीचे शिक्षक बसले होते. मी म्हटलं, “सर, जरा मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू द्या.”

ते उभे राहिले आणि चांगल्या शुद्ध मराठीत म्हणाले, “एका शब्दावरून लेकराची संधी काढून घेणं हा अन्याय आहे.”

मला हेच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“अगदी खरं, सर,” मी म्हटलं. “पण निकाल लागलेला आहे.”

दोष लेकरांचा नव्हता, हे मला त्यांच्या कितीतरी आधी कळलं होतं. मी निकाल बदलला नाही. ती मुलं बाहेर व्हरांड्यात थांबली होती. त्यांना काय सांगायचं ते सरांनीच ठरवायचं होतं.