सासूबाई आणि गुलाबी झाकण

माझ्या सासूबाई, सेल्मा कोर्पेला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, चालवतात, आणि तीही अशी की मागच्या माणसाच्या तोंडात बर्फ गेलाच पाहिजे. आमच्या क्लबात मागचा माणूस बहुतेक वेळा मीच असतो.

क्लबाचा एक नियम कुठल्याही कागदावर नाही, पण सगळे पाळतात. ज्याची गाडी रानात बंद पडते आणि जो दोराला बांधून क्लबाच्या दारात येतो, त्याचं नाव संडासाच्या एका गुलाबी रंगवलेल्या झाकणावर लिहायचं. ते झाकण त्याने आपल्या बैठकीच्या खोलीत टांगायचं, पुढचा कोणी ओढत येईपर्यंत. पाद्री जेवायला आला तरी काढायचं नाही. अध्यक्ष रुडी हाकोलाचं नाव त्यावर चारदा आहे. सासूबाईंचं एकतीस हिवाळ्यांत एकदाही नाही.

मी मूळचा इथला नव्हे, मोठ्या पुलापलीकडचा, दक्षिणेकडचा. पेस्टीवर, म्हणजे इथल्या मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीवर, केचपऐवजी रस्सा ओततो, म्हणून वीस वर्षांनंतरही इथे पाहुणाच. त्यात गेल्या हिवाळ्यात सासूबाई गाडीसकट गोठलेल्या तळ्यावर घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. माझी बायको मार्लीस दोन दिवस रडत होती. मग नाताळच्या जेवणात मीच शहाणपणा केला. सगळ्यांसमोर म्हटलं, आई, आता पुरे झालं, गाडी विकून टाका.

त्यांनी काटा खाली ठेवला. “ज्या दिवशी दोराला बांधून येईन ना, त्या दिवशी विकीन. तोवर बटाटे वाढा, जावईबापू.”

मग आली मार्चमधली शेवटची सहल. नऊ गाड्या निघाल्या आणि पहिल्याच चढाला माझ्या गाडीच्या इंजिनाचा रबरी पट्टा फाटकन तुटला. पट्टा काय, कुणाचाही तुटतो. म्हणून तर प्रत्येकाने सीटखाली एक जादा ठेवायचाच असतो. मी माझा आदल्या दिवशी काढून ठेवला होता. कॉफीचा थर्मास मावत नव्हता, काय करणार! रुडीचे डोळे चमकले. झाकण तेव्हा त्याच्या घरी होतं आणि त्यावरून बायकोने त्याला जगणं नको केलं होतं. तो दोर सोडायलाही लागला. तेवढ्यात सासूबाईंनी आपल्या सीटखालचा पट्टा काढून माझ्या अंगावर फेकला. आमच्या दोघांच्या गाड्या एकाच बनावटीच्या. माझी त्यांनीच निवडून दिलेली.

“कॉफी तरी गरम आहे का?” एवढंच त्यांनी विचारलं.

कॉफी कोमट होती.

दुपारी लाकूडतोड्यांच्या जुन्या खोपटापाशी थांबलो. चांदीच्या कागदात गुंडाळून सायलेन्सरवर गरम केलेल्या पेस्ट्या निघाल्या, आणि सासूबाईंनी मला न विचारता माझ्या पेस्टीवर भसाभसा केचप ओतलं. मी निमूटपणे खाल्लं. सकाळच्या पट्ट्यामुळे माझं तोंड बंद होतं.

तिथून मैलभर गेलो असू, नसू, तोच पुढून जळक्या रबराचा वास आला. सासूबाईंची गाडी थांबली होती. बॉनेट उघडलं तर आत पट्ट्याच्या चिंध्या. बाकीच्यांनी आपापले जादा पट्टे काढून पाहिले, सासूबाईंच्या गाडीला बसेल असा एकही नव्हता. रुडीने पुन्हा दोर काढला.

खरं सांगतो, मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ते तळं, ते मनगट, मार्लीसची ती रडारड, सगळं त्या एका दोराने मिटणार होतं. मला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं.

सासूबाई गाडीवर ताठ बसल्या. “बांध रे रुडी,” त्या म्हणाल्या. “जावईबापूंना उशीर होतोय.”

आवाज नेहमीचाच होता, पण दोन्ही हातांनी त्यांनी हँडल गच्च धरलं होतं. मला माझीच लाज वाटली. या बाईचा पट्टा माझ्या गाडीत फिरतोय, आणि मी मेला मजा बघत उभा! हातमोजे फेकले, बोटं भाजून घेत माझ्या गाडीतला पट्टा काढला आणि त्यांच्या गाडीत बसवला.

“आई, मला बांधा,” मी म्हटलं.

रुडीला काय, कोणीही चाललं असतं. त्याने मला मिठीच मारली. सासूबाईंनी मात्र दोर त्याच्या हातून घेतला आणि स्वतः मला ओढत नेलं. वाटेतला एकही खड्डा त्यांनी चुकवला नाही.

झाकण आता आमच्या टीव्हीच्या वर आहे. मार्लीस आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

एप्रिलमध्ये गाड्या झाकून ठेवण्याआधी सासूबाईंनी मला त्यांच्या सीटखालची जागा झाडायला सांगितली, उंदीर घर करतात म्हणून. आत हात घातला, तर अगदी मागच्या कोपऱ्यात एक कोरा पट्टा, वेष्टनसुद्धा न फोडलेला. वर पेन्सिलने त्यांच्या अक्षरात ‘दुसरा’.

तो घेऊन मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. त्या बटाटे सोलत होत्या.

“हा तेव्हाही होता?”

“मी नेहमी दोन बाळगते. तुम्ही क्लबात आल्यापासून.”

“मग तेव्हा काढला का नाहीत?”

“काढणारच होते.” त्यांनी पुढचा बटाटा उचलला. “म्हटलं, आधी बघू तुम्ही काढताय का.”

मी परत गेलो आणि पट्टा होता तिथेच ठेवला. शेजारी माझाही एक ठेवला.