शेवटाची चाहूल

चार लिहिणारी माणसं दर रविवारी जमली, की कथा राहतात बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आमचं मंडळ नवी पेठेत, एका कापड दुकानाच्या माडीवर बसतं. देशमाने सर, रिटायर्ड मास्तर, आमचे प्रमुख. त्यांचा नियम एकच: शेवटी जे घडणार त्याची चाहूल आधी लागली पाहिजे, पण शेवट कळता कामा नये. या एका नियमानं लई जीव खाल्लाय आमचा!

*

बँकेतल्या पाटलानं कथा आणली. नायक पहिल्या पानावर खोकला, दुसऱ्या पानावर खोकला. चौथ्या पानापर्यंत आमचेच घसे खवखवायला लागले. आणि शेवटी नायक गेला तो ट्रकखाली! सरांनी विचारलं, मग खोकला कशाला?

"सगळ्यांनी ओळखलं की सर. ऐनवेळी बदललं."

*

मी तरी काय कमी? माझ्या रहस्यकथेत खुनी होता माळी. कुणाला संशय येऊ नये म्हणून त्याला इतका लपवला, की शेवटच्या पानापर्यंत तो कथेत आलाच नाही. सरांनी वही मिटली आणि शांतपणे म्हणाले, अहो, निदान बाग तरी दाखवायची.

*

खरी जिद्द मात्र शिवलीला अक्कांची. त्यांचे मालक मल्लिनाथअण्णा, चादरीचे व्यापारी. लग्नाला वीस वर्षं झाली, पण बायकोची एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली नाही. दुसऱ्या परिच्छेदाला शेवट सांगायचे आणि उठून जायचे. तो बरोबर निघायचा, हे आणखी वाईट. अक्कांना फार लागायचं ते. सर म्हणाले, कथा स्पर्धेला पाठवू.

"बक्षीस नको मला. ह्यांना शेवटपर्यंत बसवणार."

एकच कथा पाच वेळा लिहिली बाईनं. पाचव्यांदाही अण्णांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच शेवट सांगितला. अक्का रडल्या नाहीत, नवी वही घेऊन आल्या.

*

गेल्या रविवारी अक्का अण्णांनाच माडीवर घेऊन आल्या. गोष्ट नवी होती. एक बाई दर आठवड्याला मोहोळला माहेरी जाते, आणि जाताना सासरहून आपली एकेक वस्तू नेते. आधी वाटी, मग शाल, मग आईचा फोटो. अण्णा सवयीनं उठले, दारात जाऊन चपलेत पाय घातला. काय वाटलं कुणास ठाऊक, परत येऊन बसले.

शेवटी न्यायला काहीच उरत नाही, आणि ती बाई रिकाम्या हातानं एसटीत बसते. संपली गोष्ट. आम्ही सतरंजी गुंडाळायला घेतली, तरी अण्णा तिच्यावर बसलेलेच.

"मग ती परत आली का न्हाय?" त्यांनी विचारलं.

अक्कांनी वही पर्समध्ये ठेवली.

"तुमाला काय वाटतंय?"