पायरी रिकामी राहिली

मंगळवार, ९ ऑक्टोबर. सकाळी उशांचे अभ्रे धुतले. पोस्टमन शेजारचं पाकीट आमच्याकडे टाकून गेला, परत केलं. वकीलबाई लवकर घरी आली. जेवली नाही.

वकीलबाई म्हणजे माझ्या मागच्या खोलीत राहणारी मुलगी. वकील वगैरे काही नाही; दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि संध्याकाळी विद्यापीठात शिकते. पहिल्याच वर्षी वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवा म्हणून ती थेट कुलसचिवांशी भांडली. तेव्हा हे नाव पडलं, आणि संध्याकाळच्या वर्गांनी तिला विद्यार्थी परिषदेत निवडून दिलं. परिषदेतर्फे ती विद्यापीठाच्या समितीवर बसते.

त्यांच्यात एक रिवाज आहे. समितीची बैठक संपली की प्रतिनिधीने कँटीनच्या पायरीवर उभं राहून आत काय झालं ते सगळ्यांना सांगायचं. ही तर अध्यक्षांच्या खोकल्यासकट सांगायची. मुलं पोट धरून हसायची.

त्या मंगळवारी मात्र ती पायरीवर गेलीच नाही.

"आजी, तुम्ही कुठल्या वर्गात नाही, म्हणून तुम्हाला सांगते," ती म्हणाली. "संध्याकाळचे वर्ग बंद करायचं चाललंय. मत पुढच्या बैठकीत. तोवर मी बाहेर ब्र काढला तर माझी जागा रद्द. दोघं सभासद माझ्या बाजूला झुकलेत. मी नसले तर तेही सरकतील."

एवढ्यात बेल वाजली. दारात तिच्या वर्गातली नर्स आणि बसड्रायव्हर. मी चहा टाकला.

"पायरी रिकामी होती," नर्स म्हणाली. "म्हटलं, पायरीच तुझ्या घरी घेऊन येऊ."

"बरं वाटत नव्हतं."

"परवापर्यंत तोंडाचा पट्टा चालू होता! आज दातखीळ बसली?"

ड्रायव्हर समजुतीने म्हणाला, "हे बघ, मी वर्गासाठी पहाटेची पाळी मागून घेतलीय. एवढंच सांग, वर्ग राहणार ना?"

"मला बोलता येत नाही, दादा."

"म्हणजे ठरलंय तर," नर्स उसळली. "आम्ही तुला तिथे आमचं तोंड म्हणून बसवलं, बाई. त्यांचं कुलूप म्हणून नाही."

'तिचं ऐकून तर घ्या' असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ऐकवण्यासारखं तिला काही बोलताच येत नव्हतं, आणि मलाही. मी कप पुढे सरकवले. कोणी हात लावला नाही.

"यापुढे आमच्या वतीने बोलू नकोस," नर्स उठत म्हणाली. ड्रायव्हरने चपला घातल्या आणि वकीलबाईकडे न बघता निघून गेला.

दार लावून मी म्हणाले, "राजीनामा दे आणि मोकळी हो."

"वर्ष संपेपर्यंत ती जागा भरत नाहीत, आजी. मग यांचं मत कोण देणार?"

"आणि सांगून टाकलंस तर?"

"तरी तेच."

म्हणजे उद्या वर्गात तिच्या शेजारी कोणी बसणार नाही, आणि पुढच्या बैठकीत त्यांच्यासाठीच तिला भांडायचं आहे. ती मागच्या खोलीत गेली आणि बैठकीत काय बोलायचं ते भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिली. मला शब्द कळत नव्हते, पण एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा सुरू करत होती.

त्या संध्याकाळी मी माझ्या रोजनिशीत मंगळवारच्या त्याच पानावर लिहिलं: चहा उरला, ओतून टाकला. साखर संपली आहे.